वालेसांनी बोलायला नकार दिला ती रात्र

शनिवार, १२ डिसेंबर १९८१, दुपारी २

वॉर्सात जनरल वोइचेख यारुझेल्स्की फोन उचलतात आणि गृहमंत्री जनरल चेस्वाव किश्चाक यांना ठरलेली कारवाई सुरू करायला सांगतात. पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव ही पोलंडमधली तिन्ही मोठी पदं या वेळी यारुझेल्स्कींकडे आहेत, त्यामुळे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. पक्षाच्या पॉलिट ब्युरोने आठवडाभरापूर्वी, ५ डिसेंबरला, निर्णय त्यांच्यावर सोपवलेला आहे. लष्करी कायद्याची पत्रकं सोव्हिएत युनियनमध्ये छापून आणून ठेवलेली आहेत. कुणाकुणाला उचलायचं याच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्यांत तयार आहेत. कायद्यावर ज्यांच्या सह्या लागणार त्या राज्य परिषदेच्या सदस्यांना मात्र अजून काहीच कळवलेलं नाही.

त्याच वेळी उत्तरेला, बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्क शहरात, लेनिन गोदीच्या आवारातल्या एका सभागृहात सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या राष्ट्रीय समितीची बैठक दुसऱ्या दिवशीही चालू आहे. संघटनेचे सभासद ९० लाखांच्या वर आहेत. साडेतीन कोटी लोकवस्तीच्या देशात हा आकडा काय सांगतो ते मुद्दाम समजावायची गरज नाही. अध्यक्षस्थानी बसलेला मिशाळ माणूस अडतीस वर्षांचा आहे आणि पेशाने वीजतंत्री आहे. त्याचं नाव लेक वालेसा.

दुपारी ४

डिसेंबरात तिथे या वेळेला अंधार पडतो. बाहेर बर्फ आहे. गोदीच्या गेटाजवळ तीन उंच क्रूस उभे आहेत, प्रत्येक ४२ मीटरचा. वर्षभरापूर्वीच, १६ डिसेंबर १९८० रोजी, त्यांचं अनावरण झालं.

या क्रुसांची हकीकत सांगितल्याशिवाय ही रात्र कळणार नाही. १२ डिसेंबर १९७० रोजी, त्या दिवशीही शनिवारच होता, सरकारने खाद्यपदार्थांचे भाव वाढवल्याचं जाहीर केलं. नाताळ तोंडावर आलेला. सोमवारी ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी काम बंद केलं, आणि आठवडा संपायच्या आत किनाऱ्यावरच्या शहरांत सैन्याच्या आणि पोलिसांच्या गोळ्यांनी ४० हून जास्त माणसं मेली. सत्तावीस वर्षांचे वालेसा तेव्हा संप समितीत होते. संरक्षणमंत्री होते यारुझेल्स्की. अकरा वर्षांनी समोरासमोर आलेली ही दोन माणसं एकाच रक्तपातातून चालत आली आहेत, आणि दोघांनीही त्याचा वेगवेगळा अर्थ लावला आहे. जनरल शिकले की, पुढच्या वेळी कामगार रस्त्यावर यायच्या आधीच सगळं आटोपलं पाहिजे. वालेसा शिकले की, कामगारांनी रस्त्यावर येऊच नये. गोदीतच बसावं, गेट आतून बंद करावं आणि सरकारला बोलणी करायला गेटाशी यायला लावावं.

ऑगस्ट १९८० मध्ये त्यांनी नेमकं हेच केलं. ॲना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला काही महिने उरलेले असताना कामावरून काढलं, म्हणून १४ ऑगस्टला संप सुरू झाला. वालेसांना स्वतःला १९७६ मध्येच काढलेलं होतं. ते भिंतीवरून उडी मारून आत आले आणि पुढारी झाले. तिसऱ्या दिवशी पगारवाढ पदरात पडताच त्यांनी संप संपल्याचं जाहीर केलं. इतर कारखान्यांचे, छोट्या वर्कशॉपांचे, ट्रामचे कामगार उघडे पडणार होते. ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस, परिचारिका अलिना पिएन्कोव्हस्का आणि वालेंतिनोविचबाई गेटाकडे धावल्या, घरी निघालेल्या माणसांना अडवलं, आणि वालेसांनी तिथल्या तिथे आपला निर्णय फिरवला. संप सगळ्यांसाठी चालू राहिला. ३१ ऑगस्टला उपपंतप्रधान मिएचिस्वाव यागिएल्स्की यांनी २१ मागण्यांच्या करारावर सही केली. वालेसांनी सही केली ती पोप जॉन पॉल दुसरे यांचं चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनाने. कम्युनिस्ट राजवटीत पहिल्यांदाच सरकारपासून स्वतंत्र कामगार संघटना कायदेशीर झाली.

त्या प्रसंगात मला वालेसांचं सगळं राजकारण दिसतं. मिळेल ते घ्यावं, सही करावी, माणसं जिवंत घरी न्यावीत, ही त्यांची पहिली ओढ. पायाखालची जमीन सरकली की तत्क्षणी कामगारांच्या बाजूला येण्याची चपळाई, हा त्यांचा दुसरा गुण. सिद्धान्त मांडणारे लोक संघटनेत पुष्कळ होते. गर्दीचा श्वास ओळखणारा माणूस एकच होता.

पण सही करणाऱ्या माणसावर त्याच्याच लोकांचा संशय असतो. मार्च १९८१ मध्ये बिदगोश्च शहरात पोलिसांनी यान रुलेव्हस्की आणि आणखी काही कार्यकर्त्यांना मारहाण केली. २७ तारखेला सबंध देशाने चार तासांचा इशारा संप केला, ३१ पासून बेमुदत संप ठरला. ३० तारखेच्या संध्याकाळी वालेसांनी उपपंतप्रधान राकोव्हस्कींशी समझोता करून संप स्थगित केला. समितीला धड विचारलंही नाही. संघटनेचे प्रवक्ते कारोल मोदझेलेव्हस्की यांनी राजीनामा दिला. अनेकांच्या मते संघटनेची ताकद त्या एका दिवशी जेवढी होती तेवढी पुन्हा कधीच नव्हती, आणि वालेसांनी ती वाया घालवली. ऑक्टोबरच्या अधिवेशनात ते अध्यक्ष म्हणून निवडून आले, पण जेमतेम ५५ टक्के मतांनी.

रात्री ८

सभागृह तेच आहे, जिथे ऑगस्टचा करार झाला होता. वादाचा सूर मात्र पार बदललेला आहे.

देश थकलेला आहे. एप्रिलपासून मांस रेशन कार्डावर आहे. दुकानांत बऱ्याचदा व्हिनेगरच्या बाटल्यांपलीकडे काही नसतं. परदेशी कर्ज २५ अब्ज डॉलरच्या घरात गेलं आहे. दहा दिवसांपूर्वी, २ डिसेंबरला, वॉर्सातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या विद्यालयातला संप पोलिसांनी हेलिकॉप्टर उतरवून मोडला. दुसऱ्या दिवशी रादोम इथे झालेल्या नेत्यांच्या बंद खोलीतल्या बैठकीचं चोरून ध्वनिमुद्रण झालं, आणि त्यातले निवडक तुकडे सरकारी रेडिओने ऐकवले: बघा, तडजोडीची भाषा करणारे वालेसा आत काय बोलतात.

आज समितीपुढे प्रश्न आहे की, संसदेने सरकारला विशेषाधिकार दिले तर काय करायचं. उत्तर ठरलेलं आहे: सार्वत्रिक संप. शिवाय सरकारवर लोकांचा विश्वास आहे का, यावर देशभर सार्वमत घ्यावं असाही ठराव पुढे येतो. संसदेची बैठक पुढच्या आठवड्यात, १५ तारखेच्या सुमारास आहे. म्हणजे निदान दोन-तीन दिवस हाताशी आहेत, असा सगळ्यांचा हिशोब.

चूक इथे झाली, आणि ती भाबडेपणाची नव्हती. सोळा महिने या लोकांनी सरकारला कागदावर आणलं होतं. करार, नोंदणी, न्यायालय, संसद. सरकार निदान स्वतःचे नियम तरी पाळील, हे त्यांनी गृहीत धरलं. राज्यघटनेनुसार संसदेचं सत्र चालू असताना राज्य परिषदेला वटहुकूम काढता येत नव्हता. तो आज रात्री निघणार होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला अजूनही अस्वस्थ करते. पोलिश लष्कराच्या मुख्यालयातले कर्नल रिशार्द कुक्लिन्स्की लष्करी कायद्याच्या नियोजनात होते आणि अमेरिकेच्या सीआयएला वर्षानुवर्षं कागद पुरवत होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना कुटुंबासह गुपचूप देशाबाहेर काढण्यात आलं. कारवाईचा आराखडा वॉशिंग्टनला ठाऊक होता. ग्दान्स्कला कुणी कळवलं नाही.

रात्री १०:३०

‘अझेलिया’ ही कारवाई सुरू होते. सैनिक आणि पोलीस टेलिफोन केंद्रं, रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या इमारती ताब्यात घेऊ लागतात. सुमारे ७०,००० सैनिक, ३०,००० पोलीस आणि १,७५० रणगाडे यांची ही हालचाल आहे. देशाच्या स्वतःच्या सैन्याची, स्वतःच्या देशात.

तयारी महिन्यांची होती. ऑक्टोबरात शिपायांची सक्तीची नोकरी दोन महिन्यांनी वाढवली होती, म्हणजे संपाच्या वातावरणातून आलेली नवी पोरं बराकीत येऊ नयेत. त्याच महिन्याच्या अखेरीस लष्कराच्या छोट्या तुकड्या खेड्यापाड्यांत पाठवल्या गेल्या. धान्यपुरवठ्याला मदत करायला, असं सांगितलं गेलं. त्या तुकड्यांनी स्थानिक माणसं, रस्ते, कचेऱ्या नीट पाहून घेतल्या.

रात्री ११:३०

फोन मरतात. सबंध देशात ३० लाखांहून जास्त खासगी फोन एकाच रात्रीत बंद. रुग्णवाहिकेलाही बोलावता येत नाही, आणि मूल मध्यरात्री तापाने फणफणलं असेल त्या आईला तेव्हा कळतं की काहीतरी भयंकर घडलं आहे. पहिला वार एका संघटनेवर झाला असं आपण लिहितो, पण तो आधी तिच्यावर झाला.

ग्दान्स्कच्या सभागृहात टेलेक्स थांबतं. पोलिसांच्या गाड्या फिरताहेत अशा बातम्या गावोगावाहून संध्याकाळपासून येत होत्या. आता बातम्याच बंद. तरीही कामकाज रेटून पुरं केलं जातं, ठराव मंजूर होतात. सभागृह गोदीच्या आत आहे. समितीने त्या रात्री तिथेच मुक्काम ठोकला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न नंतर वर्षानुवर्षं विचारला गेला. बैठक मोडते. कुणी हॉटेलात, कुणी स्टेशनवर, कुणी घरी. वालेसा झास्पा या वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटकडे जातात. घरी सहा मुलं आहेत आणि पत्नी दानुता सातव्या खेपेला गरोदर आहेत.

रविवार, १३ डिसेंबर, मध्यरात्र

दुसरी कारवाई, ‘फर वृक्ष’. दारं ठोठावली जातात, काही पहारींनी उघडली जातात. वॉर्सात मोकोतोव्हस्का रस्त्यावरचं संघटनेचं कार्यालय पोलीस ताब्यात घेतात. पहिल्या काही दिवसांत हजारो माणसं स्थानबद्ध होतात. कामगार, प्राध्यापक, नट, लेखक. एडवर्ड गिएरेक यांच्यासारखे पदच्युत पक्षनेतेही उचलले जातात, कारवाई एकतर्फी वाटू नये म्हणून.

रात्री १

राज्य परिषदेच्या सदस्यांना घरून झोपेतून उठवून बेल्वेडेर राजवाड्यात आणलं जातं आणि वटहुकूम पुढे ठेवला जातो. कागदावर तारीख १२ डिसेंबरची आहे. घड्याळात १३ उजाडली आहे. माणसं पकडायला सुरुवात आधीच झालेली आहे. पाक्स या कॅथलिक संघटनेचे रिशार्द राइफ विरोधात मत देतात. एकटेच. त्यांचं नाव पोलंडबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितो. या वटहुकूमाला घटनाबाह्य ठरवायला पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाला २०११ साल उजाडलं.

रात्री २

सोपोतच्या ग्रँड हॉटेलला पोलिसांचा वेढा पडतो. ग्दान्स्कच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या मोनोपोल हॉटेललाही. राष्ट्रीय समितीचे बरेचसे सदस्य आणि सल्लागार इथेच उतरलेले असतात. तादेऊश माझोव्ह्येत्स्की, यात्सेक कुरोन, मोदझेलेव्हस्की, रुलेव्हस्की, सगळे पकडले जातात. एकाच जाळ्यात एवढे मासे मिळतील म्हणूनच ही रात्र निवडली होती.

काही निसटले. वॉर्साचे झ्बिग्निएव्ह बुयाक रात्रीच्या गाडीसाठी स्टेशनवर होते. त्यांनी मोनोपोलला पडलेला वेढा समोरून पाहिला आणि अंधारात नाहीसे झाले. पुढची साडेचार वर्षं त्यांना कुणी पकडू शकलं नाही. व्रोत्स्वावचे व्वादिस्वाव फ्रासिन्युक घरी जाणाऱ्या गाडीत बसले होते. रेल्वे कामगारांनी त्यांना वाटेतच सावध केलं आणि स्टेशन यायच्या आधी उतरवून घेतलं. त्याच व्रोत्स्वावच्या शाखेने दहा दिवस आधी बँकेतून आठ कोटी झ्वोती काढून घेतले होते. ती रक्कम आर्चबिशपांकडे सुखरूप होती. भूमिगत संघटना पुढे तगली त्याचं बरंचसं श्रेय या दूरदृष्टीला, आणि नाव न छापलेल्या त्या रेल्वे कामगारांना आहे.

पहाटे ३ च्या सुमारास

झास्पातल्या फ्लॅटवर थाप पडते. ग्दान्स्क प्रांताचे पक्षसचिव तादेऊश फिशबाख आणि प्रांतप्रमुख येझी कोवोजेयस्की दाराशी येतात. हे दोघे पक्षातले मवाळ. ऑगस्टच्या संपात रक्तपात टळावा म्हणून धडपडलेले. त्यांनाच पाठवलं यात मोठी चतुराई होती. निरोप असा: वॉर्साला चला, सरकारला तुमच्याशी बोलायचं आहे.

आयुष्यभर बोलणीच करत आलेल्या माणसाला दिलेलं हे आमंत्रण आहे. सरकारचा अंदाज सरळ आहे. मार्चमध्ये याने सही केली, ऑगस्टमध्ये तिसऱ्याच दिवशी संप मागे घ्यायला निघाला होता. आत्ताही सही करील. त्याचं एक निवेदन, दूरचित्रवाणीवर दोन मिनिटं, कामगारांनी शांत राहावं एवढंच. मग संघटनेतून ‘जहाल’ गाळले जातील, आणि वालेसांच्या नावाची, पण सरकारच्या मुठीतली युनियन उभी राहील. हजारो पकडून जे साधत नाही ते या एका माणसाच्या होकाराने साधणार होतं.

वालेसा जायला नकार देतात. माझ्या लोकांना आधी सोडा, मग बोलू. ते दोघे परततात, पुन्हा येतात. जबरदस्तीने नेलं जाईल हे स्पष्ट झाल्यावर वालेसा निघतात. वालेसांनी पुढे सांगितलं की, मी तेव्हाच यांना म्हणालो, हा तुमच्या पराभवाचा क्षण आहे. त्या पहाटे हे शब्द कानाने ऐकणारे मोजकेच होते. त्यामुळे शब्दांवर मी भर देत नाही. वागणुकीवर देतो, कारण ती पुढचे अकरा महिने रोज तपासली गेली.

फिशबाख यांना महिन्याभरातच पदावरून जावं लागलं.

सकाळी ६

रेडिओवर राष्ट्रगीत आणि मग यारुझेल्स्कींचा आवाज. मायभूमी कड्याच्या टोकावर उभी आहे, असं ते सांगतात. सत्ता आता राष्ट्ररक्षणाच्या लष्करी परिषदेकडे आहे. रात्री संचारबंदी, संपाला बंदी, सभा-मिरवणुका बंद, पत्रं तपासली जाणार, शहर सोडायला परवाना लागणार. मोठे कारखाने आणि खाणी लष्करी शिस्तीखाली: काम नाकारणं म्हणजे रणांगणातून पळणं.

यारुझेल्स्की मरेपर्यंत म्हणत राहिले की आपण दोन संकटांतलं लहान निवडलं. नाहीतर सोव्हिएत रणगाडे आले असते. पोरवयात सायबेरियात हद्दपारी भोगलेल्या, तिथल्या बर्फाने डोळे बिघडून कायमचा काळा चष्मा लागलेल्या या माणसाची सोव्हिएत भीती खोटी नव्हती. पण १० डिसेंबरच्या मॉस्कोतल्या पॉलिट ब्युरो बैठकीचं इतिवृत्त नंतर उघड झालं. सैन्य पाठवायचं नाही, असंच आंद्रोपोव्ह आणि सुस्लोव्ह त्यात बोलताना दिसतात. म्हणून मला तो युक्तिवाद पटत नाही. टोकावर देश नव्हता. पक्षाची सत्ता होती.

सकाळी ९

पोलंडमधली लाखो मुलं दर रविवारप्रमाणे ‘तेलेरानेक’ हा कार्यक्रम बघायला दूरचित्रवाणीसमोर बसतात. कार्यक्रम लागत नाही. दिवसभर दिसतात ते गणवेशातले जनरल. पुढे निवेदकही लष्करी गणवेशात बातम्या देऊ लागतात.

वालेसा एव्हाना विमानाने वॉर्साला आणले गेले आहेत. त्यांची रवानगी शहराबाहेर, चिलित्सेतल्या सरकारी बंगल्यात झाली आहे. इतर नेते तुरुंगाच्या कोठड्यांत, यांना बंगला. स्थानबद्धतेचा कागद हातात पडायलाही जानेवारीची अखेर उजाडणार आहे, कारण तोवर सरकारला आशा आहे.

संध्याकाळ

वॉर्साच्या चर्चमध्ये कार्डिनल पदाच्या वाटेवरचे आर्चबिशप युझेफ ग्लेम्प प्रवचनात हात जोडतात: पोलिश माणसाने पोलिश माणसाशी लढाई सुरू करू नये, त्यासाठी मी अनवाणी येऊन गुडघे टेकून विनवीन. सरकार हे प्रवचन पुन्हापुन्हा ऐकवतं. अनेक कामगारांना त्याने वेदना झाल्या.

तरीही सोमवारपासून शेकडो कारखान्यांत, गोद्यांत, खाणींत संप सुरू होतात. एकेक करून ते मोडले जातात. १६ डिसेंबरला ग्दान्स्कच्या गोदीचं गेट रणगाड्याने फोडलं जातं. त्याच दिवशी कातोवित्सेच्या वुयेक कोळसाखाणीत विशेष पोलीस दल गोळ्या झाडतं. नऊ खाणकामगार मरतात, काही जागीच, काही नंतर दवाखान्यात. १९७० ची पुनरावृत्ती टाळण्यासाठी रचलेल्या योजनेचा हा चौथा दिवस.

त्यानंतर

बंगल्यात मंत्री येत राहिले. कामगार संघटनांचं खातं सांभाळणारे स्तानिस्वाव चोसेक आले. वालेसांचं उत्तर एकच होतं: संघटनेचे नेते आणि सल्लागार सोबत बसतील तेव्हा बोलू. जानेवारीत मुलगी झाली, मारिया व्हिक्टोरिया. बाप कैदेत होता. मे महिन्यात त्यांना हलवून सोव्हिएत सरहद्दीजवळच्या आर्वामूव्हला नेलं. ऑक्टोबरात संसदेने कायदा करून सॉलिडॅरिटीच बरखास्त केली. नोव्हेंबरात वालेसांनी यारुझेल्स्कींना भेटीचा प्रस्ताव देणारं छोटं पत्र लिहिलं आणि खाली आपला जुना लष्करी हुद्दा घातला: कॉर्पोरल वालेसा. काही साथीदारांना ते पत्र लाचारीचं वाटलं. मला त्यात तोच ऑगस्टमधला माणूस दिसतो, बोलणीला तयार. पण संघटनेवर पाणी सोडल्याचा एक शब्दही त्यात नाही.

त्यांच्याबद्दलचं अप्रिय सत्यही याच कारकिर्दीचा भाग आहे. १९७० च्या गोळीबारानंतर त्यांनी गुप्त पोलिसांना काही काळ माहिती दिल्याचे कागद २०१६ मध्ये किश्चाक यांच्या घरातून बाहेर आले. वालेसा ते नाकारतात, हस्ताक्षरतज्ज्ञ त्यांच्या विरोधात गेले. १९९० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, जुन्या सोबत्यांशी भांडले, १९९५ ला हरले, आणि २००० च्या निवडणुकीत त्यांना एक टक्क्याच्या आसपास मतं पडली. पोलिसांना त्यांची फाइल ठाऊक होती, म्हणूनच कदाचित हा माणूस वाकेल अशी त्यांना खात्री वाटली असेल. तो वाकला नाही.

ऑगस्ट १९८८ मध्ये पुन्हा संपांची लाट आली. ३१ तारखेला किश्चाक यांनी वालेसांना चर्चेला बोलावलं. वालेसांची मागणी होती: संघटनेला कायदेशीर मान्यता. गोलमेज परिषद एप्रिल १९८९ मध्ये संपली आणि १७ एप्रिलला वॉर्साच्या न्यायालयाने सॉलिडॅरिटीची पुन्हा नोंदणी केली.